लिहिणे आणि दिसणे

प्रबंध सादर करण्याच्या मोसमात मराठी विभागात एक ठरावीक दृश्य दिसते. विद्यार्थी येतो, हातात पेन ड्राइव्ह असतो, चेहऱ्यावर झोप नसते. आणि तो जे विचारतो त्याचा साहित्याशी कसलाही संबंध नसतो. ‘मॅडम, पान एकशे बारापासून समास बदललाय, काय करू?’ दोनेक वर्षांपूर्वी माझी एक विद्यार्थिनी अशीच आली होती. तिचा विषय जात्यावरच्या ओव्यांचा होता. तीन तालुक्यांत हिंडून, बायकांच्या ओसरीवर बसून तिने ओव्या गोळा केल्या होत्या. चारशेच्या आसपास पानांची ती फाइल मी उघडली तेव्हा प्रकरणांची शीर्षके सात निरनिराळ्या रूपांत होती. कुठे ओवी मधोमध, कुठे डावीकडून दोन बोटे आत, कुठे तिरप्या अक्षरांत. अनुक्रमणिकेतले पृष्ठांक हाताने घातलेले, म्हणून अर्धे चुकलेले.

पुढचे पंधरा दिवस ती शीर्षके सारखी करत बसली. मला खरे तर तिच्याशी चौथ्या प्रकरणाविषयी बोलायचे होते. त्या प्रकरणात काहीतरी गढूळ होते. ओव्यांचा अर्थ कोण सांगते आहे, हे वाचताना कळेनासे होत होते. नेमके काय बिघडले आहे ते मलाही धड सांगता येत नव्हते, आणि ते शोधायला दोघींकडेही वेळ उरला नव्हता. प्रबंध वेळेवर गेला. परीक्षकांच्या अहवालात ‘मांडणी सुबक आहे’ असा शेरा आला. चौथ्या प्रकरणाबद्दल कोणीच काही विचारले नाही.

हा प्रसंग तंत्राच्या अडाणीपणाचा म्हणून सोडून देता आला असता. पण मला वाटते, त्याचे मूळ अधिक खोल आहे आणि ते आपल्याच अभ्यासक्षेत्राच्या अंगणात आहे. एम. ए. च्या वर्गात आपण शैलीविज्ञान शिकवतो. शैली म्हणजे आशयावर वरून चढवलेला मुलामा नव्हे, असे बजावतो. आणि त्याच वर्गातले आपण संगणकासमोर बसलो की शीर्षक म्हणजे ‘जाड आणि मोठे अक्षर’ असे मानून, ओळ निवडून, वरून रंग द्यावा तसे जाडपण चढवतो. ती ओळ शीर्षक आहे हे आपल्याला ठाऊक असते, फाइलला नसते. फाइलच्या लेखी ती फक्त जाड अक्षरांची एक ओळ असते.

लिखित मजकूर संगणकावर सजवण्याच्या दोन रीती आहेत. एक, पडद्यावर जे दिसते तेच कागदावर उमटेल अशी हमी देणारी. १९७४ साली झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात बटलर लॅम्पसन आणि चार्ल्स सिमोनी यांनी ‘ब्राव्हो’ हा संपादक केला, तेथून ही परंपरा सुरू होते. सिमोनी १९८१ मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये गेले, १९८३ मध्ये ‘वर्ड’ आले, आणि पुढे टंकलेखन यंत्राची जागा याच कुळाने घेतली. दुसरी रीत खुणांची. मजकुरातच ‘हे शीर्षक’, ‘हे अवतरण’, ‘ही तळटीप’ अशा खुणा लिहायच्या आणि त्यांचे रूप काय असावे ते अन्यत्र, एकाच ठिकाणी सांगायचे. १९६९ साली आयबीएममध्ये चार्ल्स गोल्डफार्ब आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी अशी खूणभाषा रचली. तिचाच विस्तार १९८६ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रमाण झाला, आणि आज आपण जी वेबपाने वाचतो त्यांची भाषाही त्याच घराण्यातली आहे.

याच दुसऱ्या रीतीचा सर्वांत प्रसिद्ध वंशज म्हणजे डोनाल्ड क्नूथ यांची ‘टेक’ ही प्रणाली. तिची जन्मकथा कोणाही लेखकाला जवळची वाटावी अशी आहे. क्नूथ यांच्या ‘द आर्ट ऑफ कॉम्प्यूटर प्रोग्रॅमिंग’ या ग्रंथाचे पहिले खंड शिशाच्या खिळ्यांनी छापलेले होते. दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते १९७७ मध्ये हाती आली तेव्हा जुळणी नव्या फोटोटाइपसेटिंगने झालेली होती, आणि ती त्यांना पाहवेना. हातातले लेखन बाजूला ठेवून त्यांनी स्वतःच अक्षरजुळणीची प्रणाली लिहायला घेतली. काही महिन्यांचे वाटलेले काम जवळजवळ दहा वर्षे चालले. ‘टेक’ हे नाव कला आणि कौशल्य या दोन्ही अर्थांच्या ग्रीक शब्दावरून घेतलेले आहे. तिच्या आवृत्त्यांचे क्रमांक ‘पाय’ या संख्येच्या दिशेने एकेक अंक सरकतात. २०२१ ची आवृत्ती ३.१४१५९२६५३ होती. नवे काही घालायचे नाही, फक्त चुका दुरुस्त करायच्या, असा निश्चय त्यामागे आहे. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८० च्या दशकात तिच्यावर ‘लेटेक’ रचले आणि सामान्य लेखकाला तिचे दार उघडून दिले.

खुणांची रीत आपल्याला परकी वाटते, पण ती तशी नाही. हस्तलिखित पोथ्या ज्यांनी हाताळल्या आहेत त्यांना ठाऊक आहे की लेखनिक ‘उवाच’ आणि अध्यायसमाप्तीच्या ओळींवर गेरू फिरवत असे. गेरू दिसला की वक्ता बदलला किंवा अध्याय संपला. तो रंग शोभेचा होता, पण केवळ शोभेचा नव्हता. चुकलेल्या अक्षरावर हरताळ फासला जाई. आपण आजही वचनांना हरताळ फासतो तो तेथूनच आलेला. त्रिपाठ पोथीत मूळ मधोमध आणि टीका त्याच्या वर-खाली अशी रचना असे. स्थान पाहूनच मूळ कोणते, टीका कोणती हे कळे. पुढे छापखान्यात मुद्रितशोधक समासात खुणा करी आणि कंपोझिटर त्या वाचून खिळे बदली. इंग्रजीतला ‘मार्कअप’ हा शब्दही अशाच खुणांवरून, हस्तलिखितावर जुळणीसाठी केलेल्या टाचणांवरून आला. लेखक सांगतो ‘हे काय आहे’. जुळणारा ठरवतो ‘ते कसे दिसावे’. ही श्रमविभागणी जुनी आहे. वर्ड प्रोसेसरने दोन्ही कामे लेखकाच्या गळ्यात घातली आणि वर त्याला स्वातंत्र्य हे नाव दिले.

मराठी लिहिणाऱ्यांना तर हा धडा एकदा शिकवून झालेला आहे. माझा एम. ए. चा लघुप्रबंध २००३ साली एका डीटीपी केंद्रात टंकित झाला. त्या काळचे बहुतेक देवनागरी फाँट रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवून केलेले असत. कान्याची एक जागा, अर्ध्या ‘क’ची दुसरी, वेलांटीची तिसरी. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी साठवली जाई, कारण ती आधी दिसते. मध्यंतरी ती फाइल उघडली तर पडद्यावर रोमन अक्षरे आणि चिन्हांचा खच. फाँट गेला आणि त्याच्याबरोबर भाषाही गेली. कागदावरची प्रत आहे म्हणून माझे लेखन आहे.

यूनिकोडने हा प्रश्न सोडवला तो तत्त्वाने. ‘कि’ मध्ये आधी ‘क’ साठवायचा, मग ऱ्हस्व इकार. वेलांटी डावीकडे काढायची हे काम फाँटचे. म्हणजे फाइलमध्ये अक्षराचा अर्थ राहतो आणि त्याचे रूप बाहेर ठरते. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यांतला फरक संकेतातच असतो. फाँट अपुरा असला तर तो दिसायला बिघडेल, पण फाइलमधून पुसला जाणार नाही. आज मराठीत शोध घेता येतो, अकारविल्हे लावता येते, ते याच निर्णयामुळे.

माझे म्हणणे एवढेच की अक्षराच्या पातळीवर आपण जी चूक सुधारली, ती परिच्छेदाच्या पातळीवर रोज करतो आहोत. जुना फाँट वेलांटीचे चित्र साठवत होता. आज आपण शीर्षकाचे चित्र साठवतो. फाइल नव्या यंत्रावर गेली, विद्यापीठाने नियम बदलले, प्रकाशकाने दुसरा आकार मागितला, की ते चित्र विस्कटते आणि आपण पुन्हा पहिल्या पानापासून बसतो.

लेटेकमध्ये याला पर्याय काय, ते ओव्यांच्याच उदाहरणाने सांगते. आरंभी एकदा ‘ओवी’ नावाची खूण ठरवायची : समास इतका, वर-खाली जागा इतकी, उजवीकडे गाव आणि क्रमांक. मग चारशे पानांत जेथे ओवी येईल तेथे फक्त ती खूण लिहायची. ओव्या मधोमध नकोत असे उद्या ठरले तर एक ओळ बदलायची. क्रमांक आपोआप पडतात, ‘ओवी क्र. ५७ पाहा’ हा निर्देश मध्ये दोन ओव्या वाढल्या तरी खरा राहतो. ओळी तोडताना ही प्रणाली एकेका ओळीचा नव्हे तर सबंध परिच्छेदाचा एकत्र विचार करते. क्नूथ आणि मायकेल प्लास यांनी १९८१ मध्ये मांडलेली ही पद्धत पुढे व्यावसायिक पृष्ठरचनेच्या सॉफ्टवेअरनेही स्वीकारली.

पण सोयीपेक्षा मला महत्त्वाची वाटते ती सक्ती. मराठी समीक्षालेखनात एकेरी अवतरणचिन्ह किती कामे करते पाहा. ग्रंथनाम त्यात, पारिभाषिक संज्ञा त्यात, बोलीतला शब्द त्यात, उपरोधही त्यातच. दिसायला चारही सारखे. खूण लिहायची म्हटली की विचारावे लागते : हा शब्द मी अवतरणात का घातला आहे? ते पुस्तकाचे नाव आहे, की मला या संज्ञेविषयी शंका आहे? अनेकदा उत्तर नसते, आणि मग लक्षात येते की चिन्हाआड विचार टाळला होता.

आता दुसरी बाजू. वर्ड प्रोसेसरवर सरसकट दोष ठेवणे अन्यायाचे होईल. ‘स्टाइल्स’ची सोय वर्डमध्ये आहे, लिबरऑफिसमध्ये तर ती अधिक नीटस आहे. शीर्षकाला ‘हेडिंग १’ ही शैली लावली तर रूप एका जागी बदलता येते, अनुक्रमणिका आपोआप तयार होते. २००७ पासून वर्डची फाइल म्हणजे आतून एक गुंडाळलेले खूणभाषेतले गाठोडेच आहे. मग अडते कुठे? अडते ते दोन्ही वाटा एकाच वेळी उघड्या असण्यात. जाड अक्षराचे बटण डोळ्यांसमोर असते. शैली समजून घ्यायला थोडा वेळ द्यावा लागतो. घाईत माणूस बटण दाबतो. एकदा बटण दाबले की त्या ओळीपुरता शैलीचा अंमल संपला. शिवाय देवनागरीला वर्ड ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’ मानते. तिचा फाँट आणि आकार रोमनपेक्षा वेगळा नोंदवलेला असतो. परिच्छेदात एखादे इंग्रजी नाव आले की दोन आकार शेजारी उभे राहतात, आणि असे का झाले ते लेखकाला कळत नाही.

लेटेकचे दोष याहून मोठे आहेत, हे मी मान्य करते. देवनागरीत लिहिता लिहिता उलटी तिरकी रेघ, मग रोमन आज्ञा, मग महिरपी कंस, पुन्हा देवनागरी. दर ओळीला कळफलक बदलणे हे लेखनाच्या लयीला मारक आहे. एक कंस विसरला तर सबंध पुस्तक अडून बसते, आणि येणारी तक्रार साहित्याच्या माणसाने वाचावी अशी नसते. फ्रान्स व्हेल्थाउस यांनी १९९१ मध्ये टेकसाठी देवनागरीची सोय केली खरी, पण तीत मराठी रोमन लिपीत टंकावे लागे. २००४ मध्ये जोनाथन क्यू यांचे ‘झीटेक’ आले आणि यूनिकोड देवनागरी थेट लिहिता येऊ लागली. तोवर आपल्या विभागांना वर्डची सवय होऊन गेली होती. मार्गदर्शक वर्डमध्येच शेरे मारतात, नियतकालिके वर्डचीच फाइल मागतात. एकट्या विद्यार्थ्याने प्रवाहाविरुद्ध पोहावे अशी अपेक्षा मी करणार नाही. शिवाय खूणभाषा सुसंगती देते, सुरुची देत नाही. सर्व पानांवर एकसारखे कुरूप पुस्तकही तिच्यात करता येते.

आणखी एक आक्षेप आहे आणि तो आपल्या क्षेत्रातला असल्यामुळे मला अधिक गंभीर वाटतो. आशय आणि रूप वेगळे करता येतात, हे गृहीतकच साहित्याला मान्य आहे का? कवितेत ओळ कुठे तुटते, किती कोरी जागा सुटते, हा आशयच असतो. साठच्या दशकातल्या चक्रमुद्रित अनियतकालिकांचे ओबडधोबड रूप हे त्यांच्या बंडखोरीचे अंग होते. त्याला सुबक साचा लावणे म्हणजे त्यांचे म्हणणेच पुसणे. हा आक्षेप मला मान्य आहे. आशय आणि रूप यांची फारकत हे अंतिम सत्य नव्हे, ती कामापुरती सोय आहे. परंतु प्रबंध, शोधनिबंध, संपादित संहिता, सूची हे लेखन त्या सोयीवरच उभे असते. तेथे प्रत्येक शीर्षकाने स्वतःची कविता करू नये.

संहितासंपादनात तर हा प्रश्न सोयीचाही राहत नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ ते १९६६ चालले. तिचे कोणतेही पान उघडावे : वर संहिता, खाली श्लोकांकाच्या आधाराने पाठभेद, प्रत्येक हस्तलिखिताला संकेताक्षर. ही रचना वर्ड प्रोसेसरच्या नेहमीच्या तळटिपांत बसत नाही. तेथे तळटिपांची एक मालिका असते आणि अंत्यटिपांची एक. पाठभेद एका थरात, अर्थविषयक टिपा दुसऱ्यात, आणि दोन्ही ओळींच्या क्रमांकाला बांधलेल्या, असे हवे असेल तर खुणांकडेच जावे लागते. टेकसाठी अशी सोय ‘एडमॅक’ या नावाने १९९० च्या सुमारास करणाऱ्या दोघांपैकी एक, डोमिनिक वुयास्टिक, हे संस्कृतचे अभ्यासक आहेत, हा योगायोग नव्हे. १९८७ पासून मानव्यविद्यांच्या अभ्यासकांनी ‘टेक्स्ट एन्कोडिंग इनिशिएटिव्ह’ या नावाने संहितांसाठी खुणांची एक सामाईक व्यवस्था विकसित केली आहे. ज्ञानेश्वरीपासून महानुभावांच्या ग्रंथांपर्यंत पाठभेदांचा एवढा पसारा असलेल्या भाषेत हे मराठी विभागांच्या अभ्यासक्रमात नसावे, याची मला खंत वाटते.

मग करावे काय? प्रत्येकाने लेटेक शिकावे असे माझे म्हणणे नाही. माझे म्हणणे तीन गोष्टींपुरते आहे. पहिली : एम. ए. च्या पहिल्या सत्रात दोन तासिका शैलींसाठी द्याव्यात. रिकाम्या जागा टंकून ओळ मधोमध आणायची नाही, दोनदा एंटर मारून परिच्छेद सुटा करायचा नाही, शीर्षक हाताने जाड करायचे नाही. हे तीन नियम पाळले तरी प्रबंधाच्या अखेरचे पंधरा दिवस वाचतील. दुसरी : विद्यापीठांनी समास आणि अक्षराकाराचे नियम छापील पत्रकात देण्याऐवजी तयार साचा द्यावा. नियम हे संस्थेचे आहेत, त्यांचे ओझे विद्यार्थ्याने का वाहावे? तिसरी : जे लेखन वीस-तीस वर्षे टिकायला हवे, म्हणजे संशोधन पत्रिका, संहिता, कोश, सूची, ते साध्या मजकुरात, खुणांसह जपावे. त्यासाठी लेटेकच हवे असे नाही. २००४ मध्ये आलेले ‘मार्कडाउन’ एखाद्या प्राध्यापकालाही तासाभरात येते, आणि २००६ पासूनच्या ‘पँडॉक’ने त्याची वर्ड किंवा लेटेक, हवी ती प्रत काढता येते. लेखन एकदाच, रूपे हवी तितकी.

माझ्या विद्यार्थिनीचा प्रबंध आता पुस्तकरूपाने यायचा आहे. या वेळी आम्ही पहिल्या दिवशी मजकुराला हात लावला नाही. एक कोरा कागद घेतला आणि या पुस्तकात कोणकोणत्या जातीचा मजकूर आहे त्याची यादी केली : प्रकरणशीर्षक, उपशीर्षक, ओवी, ओवीचे गाव, अवतरण, ग्रंथनाम, बोलीशब्द. ‘स्पष्टीकरण’पाशी ती थांबली. ओवीखालच्या बारीक अक्षरांतल्या मजकुराला तिने सगळीकडे एकच रूप दिले होते. आता त्याला नाव द्यायचे होते. ‘मॅडम,’ ती म्हणाली, ‘यातले काही त्या बायकांनी सांगितलेले आहे. काही माझे आहे.’

चौथ्या प्रकरणातला गढूळपणा हाच होता. ओवी गाणारीने सांगितलेला अर्थ आणि संशोधिकेने लावलेला अर्थ एकाच बारीक, तिरप्या अक्षरांत शेजारी शेजारी बसले होते. कोणाचा आवाज कोणता, ते पानावर सुबक दिसत होते म्हणून कोणाच्याच लक्षात आले नव्हते. परीक्षकांच्या नाही, तिच्या नाही, माझ्याही नाही. यादीत एका खुणेच्या दोन झाल्या. सध्या ती आपल्या जुन्या वह्या काढून, प्रत्येक ओवीखाली कोण बोलते आहे ते तपासते आहे. काम लांबले आहे. लांबू दे, असे मी तिला सांगितले आहे.